विल्को : ध्वनिमुद्रिकांतून जडत गेलेली आवड

एखादे गाणे आवडणे ही एक गोष्ट आणि ते गाणाऱ्यांचा चाहता होणे ही अगदी दुसरी गोष्ट होय. गाणे कानावर पडते, मनाला भावते, दोन दिवस ओठांवर खेळते आणि विसरलेही जाते. त्यात ऐकणाऱ्याला स्वतःचे असे काही द्यावे लागत नाही. चाहता मात्र वर्षानुवर्षे कलावंताच्या मागोमाग चालत राहतो. त्याच्या नव्या कृतीची तो वाट पाहतो. आणि ती आल्यावर पहिल्या ऐकण्यात रुचली नाही, तर उणीव तिच्यात आहे की आपल्या कानात आहे, याचाही विचार करतो. अशी ओढ एका गाण्यातून सहसा लागत नाही. कलावंताच्या कृती ज्या क्रमाने जन्मल्या, त्या क्रमाने ऐकत गेल्यानेच ती लागते. हे कसे घडते आणि त्यात ऐकणाऱ्याची परीक्षा कोठे होते, हे समजून घेण्यासाठी अमेरिकेतील 'विल्को' या बँडचे उदाहरण फार उपयोगी पडण्यासारखे आहे.

येथे बँड म्हणजे वरातीपुढे वाजणारा बँड नव्हे, हे प्रथम सांगितले पाहिजे. तीनचारांपासून पाचसहांपर्यंत गायक-वादकांनी एकत्र यावे, आपली गाणी आपणच रचावी, आपणच त्यांना चाली द्याव्या आणि आपणच ती वाजवून गावी, अशा मंडळाला पाश्चात्त्य संगीतात बँड म्हणतात. त्याच्या कामाचे माप एका गाण्याने नव्हे, तर अल्बमने केले जाते. १९४८ साली कोलंबिया कंपनीने मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी लांब ध्वनिमुद्रिका बाजारात आणली. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर तीनसाडेतीन मिनिटांचे एकच गाणे मावत असे. नव्या तबकडीच्या एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक संगीत मावू लागले. दहाबारा गाणी अशी एका ठिकाणी आली, म्हणजे आरंभी कोणते ठेवावे, शेवटी कोणते ठेवावे, कोणत्यानंतर कोणते शोभेल, हा विचार ओघानेच आला. नाटकातील प्रवेशांना जसा क्रम असतो, तसा गाण्यांना क्रम आला. १९८२ साली काँपॅक्ट डिस्क आली आणि आता तर तबकडीवाचूनही गाणी घरोघर पोहोचतात. तथापि अल्बमची कल्पना टिकून राहिली आहे. सुट्या गाण्याने कलावंताशी तोंडओळख होते. अल्बमने त्याचा सहवास घडतो.

विल्कोचे मूळ ज्या संगीतात आहे, त्याला 'ऑल्टर्नेटिव्ह कंट्री' असे नाव पडले आहे. कंट्री म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडील ग्रामीण लोकांचे संगीत. स्कॉटलंड, आयर्लंड आणि इंग्लंड येथून आलेल्या वसाहतवाल्यांची कथागीते आणि त्यांचे फिडल, म्हणजेच व्हायोलिन. आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांकडून आलेला बॅन्जो. आणि प्रार्थनामंदिरांतील स्तोत्रांची सरळ, एकत्र गाता येण्याजोगी सुरावट, या सर्वांच्या मिलाफातून ते घडले. त्याचा प्रसार करण्याचे श्रेय मुख्यतः रेडिओला आणि ध्वनिमुद्रणाला आहे. नॅशव्हिल येथील ज्या नभोवाणी कार्यक्रमाला पुढे 'ग्रँड ओल ऑप्री' हे नाव मिळाले, तो १९२५ साली सुरू झाला. १९२७ च्या उन्हाळ्यात टेनेसी आणि व्हर्जिनिया या राज्यांच्या सीमेवरील ब्रिस्टल गावी व्हिक्टर कंपनीसाठी राल्फ पीअर यांनी ध्वनिमुद्रणे केली आणि त्यांतून कार्टर कुटुंब व जिमी रॉजर्स ही नावे प्रथम सर्वतोमुखी झाली. कष्ट, कर्ज, दारू, आगगाडी, घरची आठवण, देव आणि मरण हे या गाण्यांचे विषय. ते बोलावयाचे आडपडद्याने नव्हे, तर उघड, साध्या शब्दांत.

पुढे नॅशव्हिल हे या संगीताचे मोठे व्यापारी केंद्र झाले आणि तेथील पुष्कळशी गाणी अधिकाधिक गुळगुळीत होत गेली. उलटपक्षी, १९७० नंतरच्या काळात शहरांतील तरुणांमध्ये 'पंक' नावाचे रॉक संगीत वाढीस लागले होते. ते कर्कश, घाईचे आणि रागावलेले. परंतु त्यात खोटेपणा नव्हता. हे संगीत ऐकत वाढलेल्या काही मुलांच्या हाती कार्टर कुटुंबाच्या काळातील जुनी ध्वनिमुद्रणे आली, तेव्हा त्यांना एक आश्चर्यकारक साम्य दिसले. आवाज भिन्न, पण बोलण्यातील रोखठोकपणा तोच. या दोन प्रवाहांना एकत्र आणण्याची खटपट म्हणजे ऑल्टर्नेटिव्ह कंट्री. कंट्री आणि रॉक यांची सांगड याआधीही घातली गेली होती. 'द बर्ड्स' या बँडची १९६८ ची 'स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ' ही ध्वनिमुद्रिका त्या दृष्टीने प्रसिद्धच आहे. परंतु १९९० च्या सुमारास या प्रवाहाला जे नवे बळ आले, ते मुख्यतः 'अंकल टुपेलो' नावाच्या तीन तरुणांच्या बँडमुळे. विल्कोचा जन्म याच बँडच्या पोटी झाला. म्हणून विल्कोचा चाहता होऊ पाहणाऱ्यानेही आरंभ येथूनच करावा हे बरे.

मिसिसिपी नदीच्या एका तीरावर सेंट लुइस हे मोठे शहर आहे आणि पलीकडे, इलिनॉय राज्यात, बेलव्हिल हे गाव आहे. तेथील जे फरार आणि जेफ ट्वीडी हे शाळेपासूनचे सोबती. माइक हाइडोर्न या ढोलवादकासह त्यांनी १९८७ साली अंकल टुपेलोची स्थापना केली. १९९० च्या जूनमध्ये त्यांचा पहिला अल्बम 'नो डिप्रेशन' प्रसिद्ध झाला. हे नाव कार्टर कुटुंबाने १९३६ साली मुद्रित केलेल्या एका धार्मिक गीतावरून घेतलेले आहे. त्यातील 'डिप्रेशन' म्हणजे त्या दशकातील महामंदी. स्वर्गात मात्र ती नसेल, असा त्या गीताचा आशय. मंदीच्या काळातील हे आश्वासन १९९० साली पुन्हा गावेसे वाटावे, यातच त्या मुलांच्या भोवतालची स्थिती दिसून येते. बेलव्हिलसारख्या गावांतील कारखान्यांची जुनी भरभराट ओसरली होती. कारखान्यातील काम आणि संध्याकाळची दारू या दोहोंत अडकलेली माणसे त्यांच्या गाण्यांतून वारंवार भेटतात. गिटारचा गोंगाट मध्येच एकदम थांबतो, क्षणभर एखादी जुन्या धाटणीची सुरावट ऐकू येते आणि पुन्हा गोंगाट उसळतो. नवखा श्रोता येथे बिचकतो. परंतु फरार यांचा खर्जातील, वयापेक्षा थकलेला वाटणारा आवाज त्याला धरून ठेवतो.

१९९१ साली 'स्टिल फील गॉन' हा दुसरा अल्बम आला. त्यानंतरचा तिसरा अल्बम मात्र सर्वांना चकित करणारा निघाला. त्याचे नाव आहे 'मार्च १६–२०, १९९२'. हे नाव म्हणजे केवळ ध्वनिमुद्रणाच्या तारखा होत. जॉर्जिया राज्यातील अथेन्स या गावी, 'आर. ई. एम.' या विख्यात बँडचे गिटारवादक पीटर बक यांच्या देखरेखीखाली, पाच दिवसांत ही पंधरा गाणी मुद्रित झाली. त्याच सुमारास 'निर्व्हाना' या बँडच्या 'नेव्हरमाइंड' या अल्बमने अमेरिका दणाणून सोडली होती. कर्कश गिटारला बाजारात कधी नव्हे तो भाव आला होता. नेमक्या अशा वेळी या मुलांनी विजेवरील गिटार बाजूला ठेवली आणि साधी गिटार, बॅन्जो, मॅन्डोलिन हाती घेतली. कोळशाच्या खाणीतील मजुरांचे गीत, जुनी लोकगीते, सैतानाचे राज्य कोसळो अशी हाक देणारे स्तोत्र आणि त्यांच्या शेजारी स्वतःची नवी गाणी, अशी त्यांनी मांडणी केली. पंचविशीच्या आतबाहेरच्या या पंकप्रेमी तरुणांनी ती स्तोत्रे थट्टेने गाइली नाहीत, हे विशेष. ज्यांनी ती प्रथम गाइली, त्यांचे भय आणि त्यांची आशा यांचा मान राखून ती गाइलेली आहेत. जुने कोणते आणि नवे कोणते हे वेष्टन पाहिल्याशिवाय सांगता येऊ नये, इतकी ती एकजीव झालेली आहेत. कित्येक श्रोते या बँडचे खरे चाहते झाले ते येथे. कारण बाजार उजवीकडे चालला असता हे लोक डावीकडे वळू शकतात, हे त्यांना येथे कळले.

चौथा अल्बम 'अ‍ॅनोडाइन' १९९३ चा. टेक्सस राज्यातील ऑस्टिन येथे सर्वांनी एकत्र बसून, मागाहून वेगळे आवाज न मिसळता तो मुद्रित केला. एव्हाना हाइडोर्न यांच्या जागी केन कूमर आले होते आणि जॉन स्टिराट व मॅक्स जॉन्स्टन हे दोघे नवे वादकही बँडमध्ये सामील झाले होते. फिडल आणि पेडल स्टील गिटार यांचे रुदन व रॉकचा जोर यांचा इतका समतोल मेळ त्यापूर्वी त्यांना साधला नव्हता. या अल्बममध्ये फरार यांच्या बरोबरीने ट्वीडी यांचा हलका, किंचित फाटलेला आवाज ऐकू येतो. गाणी जवळजवळ निम्मी निम्मी वाटून घेतलेली. श्रोत्याला ही वाटणी रमणीय वाटते. परंतु ती दुभंगाची खूण होती. १९९४ च्या आरंभी फरार यांनी बँड सोडण्याचे ठरविले आणि त्याच वर्षी १ मे रोजी सेंट लुइस येथे अंकल टुपेलोचा शेवटचा कार्यक्रम झाला. बँड संपला, त्याचे नाव मात्र निराळ्या रूपाने उरले. १९९५ साली या संगीताला वाहिलेले एक नियतकालिक निघाले, त्याने 'नो डिप्रेशन' हेच नाव धारण केले. आणि पुष्कळ लोक या संपूर्ण संगीतप्रकारालाही त्याच नावाने ओळखू लागले.

येथे चाहत्यापुढे पहिला खरा प्रश्न उभा राहतो. ज्यावर जीव जडला ते मंडळच मोडले. आता निष्ठा कोणाशी ठेवावयाची? एकत्र कुटुंब विभक्त झाले म्हणजे दोन्ही घरी जाणाऱ्या आप्ताची जी स्थिती होते, तीच या श्रोत्यांची झाली. फरार यांनी 'सन व्होल्ट' हा बँड काढला. मूळचे ढोलवादक हाइडोर्न तेथे त्यांना येऊन मिळाले. उरलेल्या चौघांनी ट्वीडी यांच्या नेतृत्वाखाली विल्को हे नाव घेतले. हा शब्द बिनतारी संदेशाच्या भाषेतील आहे. आज्ञा मिळाली, त्याप्रमाणे करतो, असे सांगणाऱ्या दोन इंग्रजी शब्दांचे ते संक्षिप्त रूप होय. १९९५ साली विल्कोचा 'ए. एम.' आणि सन व्होल्टचा 'ट्रेस' हे दोन्ही अल्बम प्रसिद्ध झाले आणि जाणकारांनी 'ट्रेस'ला अधिक उचलून धरले. त्यात नवल नव्हते. 'ट्रेस'मध्ये जुन्या घराची गंभीर छाया पुरतेपणी होती. 'ए. एम.' ही प्रसन्न, सुबक गाण्यांची माळ. पण धोका पत्करलेला तीत फारसा दिसत नव्हता. त्या वेळी कोणी पैज लावली असती, तर ती फरार यांच्यावरच लावली असती.

१९९६ च्या 'बीइंग देअर'ने हा अंदाज बदलला. हा दोन तबकड्यांचा, एकोणीस गाण्यांचा अल्बम. दोन तबकड्या असूनही तो एका तबकडीच्या सुमाराच्या किमतीत मिळावा म्हणून बँडने आपल्या मानधनाचा काही भाग सोडून दिला. ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. कारण या अल्बमचा विषयच मुळी श्रोता आणि कलावंत यांचे नाते हा आहे. पहिले गाणे 'मिसअंडरस्टुड' हे आपल्या जुन्या गावात परतलेल्या, संगीताच्या आधारावर जगणाऱ्या, कोणालाच न उमजलेल्या एका माणसाविषयी आहे. ते मुद्रित करताना वादकांनी आपापली वाद्ये आपसांत बदलून घेतली होती. म्हणून त्यात जो विस्कळीत गोंगाट उठतो तो सराईतपणाचा नव्हे, गोंधळलेल्या मनाचा वाटतो. दुसऱ्या तबकडीवरील 'द लोन्ली वन' हे गाणे तर सरळ एका चाहत्याच्या मुखीच घातलेले आहे. कार्यक्रम संपतो, गायक आपल्या वाटेने जातो आणि चाहता एकटाच घरी येतो. आपण ज्याला इतके ओळखतो त्याला आपली ओळखही नाही, ही चाहत्याची व्यथा येथे गाणाऱ्यानेच जाणली आहे. ऐकणाऱ्याला वाटते, आजवर आपण यांना ऐकत होतो, हे तर आपल्याकडेही पाहत होते. येथे केवळ आवड संपते आणि जिव्हाळा सुरू होतो.

यानंतर १९९८ साली 'मर्मेड अ‍ॅव्हेन्यू' आला. अमेरिकेचे थोर लोकगायक वूडी गथ्री १९६७ साली निवर्तले. त्यांच्यामागे हजाराहून अधिक गीते केवळ कागदावर राहिली. त्यांच्या चाली त्यांच्याबरोबरच गेल्या होत्या. गथ्री यांची कन्या नोरा गथ्री यांनी ती गीते इंग्लंडचे गायक बिली ब्रॅग यांच्या स्वाधीन केली आणि ब्रॅग यांनी विल्कोला सोबतीला घेतले. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंड भागातील ज्या रस्त्यावर गथ्री राहत, त्याचेच नाव अल्बमला दिले आहे. शब्द एका काळातील माणसाचे आणि चाल पुढच्या काळातील माणसाची, हा प्रकार तुकोबांच्या अभंगांना पिढ्यान्‌पिढ्या नव्या चालींत ऐकणाऱ्या समाजाला नवा नाही. पण जेथे चाली हरवल्या म्हणून गीतेच मुकी झाली होती, तेथे त्यांना वाचा फुटणे हे मोठेच काम होते. त्यातील 'कॅलिफोर्निया स्टार्स' हे गाणे पुढे विल्कोच्या कार्यक्रमांतील अत्यंत लोकप्रिय गाणे ठरले.

आतापर्यंत श्रोत्याची वाट चढाची असली तरी ओळखीची होती. १९९९ च्या 'समरटीथ'पासून ती बदलली. जे बेनेट हे वादक 'बीइंग देअर'च्या वेळीच बँडमध्ये आले होते. त्यांनी आणि ट्वीडी यांनी मिळून ध्वनिमुद्रणगृहात थरावर थर चढवीत हा अल्बम उभा केला. फिडल आणि बॅन्जो मागे सरले. निरनिराळ्या पेट्यांचे आणि मेलोट्रॉन नावाच्या यंत्रवाद्याचे भरगच्च सूर पुढे आले. चाली उन्हासारख्या लख्ख, तर शब्द मनातील काळोखाविषयी. कंट्रीच्या ओढीने आलेल्या अनेकांना हा विश्वासघात वाटला. हे आपले विल्को नव्हे, असे ते म्हणू लागले. त्यांचे दुःख खोटे नव्हते. परंतु नीट ऐकले असता असे दिसते की, गोड सुरावटीत कडू गोष्ट सांगणे ही कंट्रीचीच जुनी रीत होती. वेष तेवढा बदलला होता.

खरी कसोटी पुढेच होती, आणि ती श्रोत्यांच्या आधी कंपनीची झाली. विल्कोने 'यांकी होटेल फॉक्सट्रॉट' हा अल्बम २००१ साली पुरा केला. लघुलहरींवर काही अज्ञात केंद्रे केवळ अक्षरे आणि आकडे वाचून दाखवीत असतात. हे गुप्त हेरांसाठी संदेश असतात असे मानले जाते. अशा केंद्रांच्या ध्वनिमुद्रणांचा एक संग्रह ट्वीडी यांच्या ऐकण्यात आला. त्यात एक स्त्री निर्विकार आवाजात हेच तीन शब्द पुनःपुन्हा उच्चारते. तो आवाज या अल्बममधील 'पुअर प्लेसेस' या गाण्याच्या शेवटी ऐकू येतो. कोणीतरी सतत बोलत आहे, ऐकणारा कोठे आहे ठाऊक नाही आणि अर्थ पोहोचत नाही: संपूर्ण अल्बमचे मर्म यात आले. त्यातील गाणी मुळात साध्या गिटारवर म्हणता येतील अशीच आहेत. पण त्यांच्यावर खरखर, घंटानाद, तुटलेले सूर यांचे आवरण चढवलेले आहे. दोन माणसे एकमेकांशी मनापासून बोलू पाहतात आणि मध्ये रेडिओची खरखर येते, तसे काहीसे.

रीप्राइज या कंपनीने हा अल्बम प्रसिद्ध करण्यास नकार दिला. आज्ञेप्रमाणे करतो असे नाव धारण करणाऱ्या बँडने या वेळी मात्र आज्ञा मानली नाही. अल्बम बदलण्याऐवजी त्यांनी कंपनी सोडली आणि १८ सप्टेंबर २००१ पासून तो इंटरनेटवर कोणालाही विनामूल्य ऐकता येईल अशी व्यवस्था केली. त्या वर्षीच्या दौऱ्यात, दुकानांत न आलेली गाणी श्रोते बँडबरोबर शब्दशः म्हणू लागले. अखेर नॉनसच या कंपनीने तो २३ एप्रिल २००२ रोजी प्रसिद्ध केला. मौज अशी की, नाकारणारी आणि स्वीकारणारी या दोन्ही कंपन्या एकाच उद्योगसमूहाच्या होत्या. म्हणजे त्या समूहाने एकाच अल्बमसाठी दोनदा खर्च केला. अल्बम 'बिलबोर्ड'च्या यादीत तेराव्या क्रमांकावर दाखल झाला आणि आज तो त्या दशकातील श्रेष्ठ अल्बमांपैकी एक मानला जातो.

या यशाची किंमतही द्यावी लागली. ध्वनिमुद्रणाच्या काळात ढोलवादक कूमर यांना जावे लागले व ग्लेन कॉचे आले. अल्बमची जडणघडण ज्यांनी निम्म्याने केली, त्या बेनेट यांनाही २००१ सालीच बँडमधून दूर करण्यात आले. सॅम जोन्स यांनी या काळात चित्रित केलेला कृष्णधवल माहितीपट २००२ साली प्रदर्शित झाला. एका सुराच्या जोडणीवरून दोन गुणी माणसांत कसा कडवटपणा येतो, हे त्यात डोळ्यांनी दिसते. बेनेट २००९ साली अकाली वारले. हे कळल्यानंतर तो अल्बम पूर्वीसारखा ऐकता येत नाही. सुंदर कृतीच्या मागे कोणाचे तरी नुकसान झालेले असू शकते, हे ज्ञान चाहत्याला सोबत वागवावे लागते.

२००४ चा 'अ घोस्ट इज बॉर्न' हा त्याहूनही दुर्घट. त्यातील एका गाण्याला सुमारे बारा मिनिटांच्या केवळ गुंजनाची आणि खरखरीची शेपटी जोडली आहे. ट्वीडी यांना अर्धशिशीचा दीर्घकाळचा विकार होता. त्या वेदनेचे हे ध्वनिचित्र असल्याचे त्यांनी सांगितले आहे. वेदनाशामक औषधांच्या व्यसनातून सुटण्यासाठी त्यांनी त्याच वर्षी उपचार घेतले. २००५ साली या अल्बमला ग्रॅमी पारितोषिक मिळाले.

येथे कोणी विचारील, चाहता झाला म्हणून का त्याने बारा मिनिटांची खरखरही गोड मानून घ्यावी? तसे मुळीच नाही. चाहता म्हणजे अंधभक्त नव्हे. विल्कोचे कित्येक निस्सीम चाहते तो भाग ओलांडून पुढचे गाणे लावतात आणि त्यात काही उणेपणा नाही. चाहत्यावर बंधन असलेच तर ते एवढेच की, नको म्हणण्यापूर्वी त्याने एकदा तरी पूर्ण ऐकावे. ज्याने न ऐकता नाकारले आणि ज्याने न ऐकताच वाहवा केली, ते दोघेही सारखेच बहिरे होत. कलावंताला बदलण्याचा अधिकार आहे, तसा श्रोत्याला नापसंतीचा अधिकार आहे. हे दोन्ही अधिकार शाबूत ठेवून जे नाते टिकते, ते खरे.

त्यानंतरची वाट पुष्कळ निवांत आहे. २००४ पासून नेल्स क्लाइन आणि पॅट सॅन्सोन आल्यावर बँडची सहा जणांची मांडणी स्थिर झाली. २००७ चा 'स्काय ब्लू स्काय' हा शांत, प्रौढ अल्बम. काही टीकाकारांना तो फारच सौम्य वाटला. आधी दुर्बोध म्हणून नाराजी, मग सुबोध म्हणून नाराजी, असा हा प्रकार. २०१० साली मॅसॅच्युसेट्स राज्यातील नॉर्थ अ‍ॅडम्स येथील कलासंग्रहालयात त्यांनी 'सॉलिड साउंड' नावाचा स्वतःचा संगीतोत्सव सुरू केला आणि २०११ पासून स्वतःच्या मालकीच्या संस्थेमार्फत अल्बम काढण्यास प्रारंभ केला. ज्यांना एकेकाळी कंपनीने परत पाठविले होते, त्यांना आता कोणाचा होकार मागण्याचे कारण उरले नाही.

आणि २०२२ साली 'क्रूएल कंट्री' आला. शिकागो येथील आपल्या कार्यशाळेत सहाही जणांनी एका खोलीत बसून, बहुतांशी एकदमच वाजवून ही एकवीस गाणी मुद्रित केली. कंट्री या शब्दाचे देश आणि संगीतप्रकार असे दोन्ही अर्थ त्या नावात अभिप्रेत आहेत. जो वेष 'समरटीथ'च्या वेळी टाकला, तो तेवीस वर्षांनी पुन्हा अंगावर आला. पण अंग आता बदललेले होते. तरुणपणी उसना घेतलेला थकवा आता स्वतःचा झाला होता. १९९९ साली रुसून गेलेला श्रोता येथे परत आला असता, तर त्याला आपले जुने गाव भेटले असते. परंतु मधले अल्बम न ऐकल्यामुळे, गावी परतणाऱ्याने काय काय पाहिले, हे मात्र त्याला कळले नसते. जो सोबत चालत राहिला, त्यालाच त्या साध्या सुरांचे मोल पुरते उमगले. २०२३ साली 'कझिन' हा तेरावा अल्बम आला, तो पुन्हा निराळ्याच वळणाचा आहे.

नव्या श्रोत्याने यातून काय घ्यावे? आज हजारो गाणी बोटाच्या एका स्पर्शावर उपलब्ध आहेत आणि यंत्रच एकामागून एक नवे गाणे पुढे करीत असते. त्यामुळे ओळखी पुष्कळ होतात, स्नेह थोडे जुळतात. म्हणून एखाद्या कलावंताचे गाणे मनाला भिडलेच, तर तेवढ्यावर न थांबता त्याचा पहिला अल्बम मिळवावा आणि गाण्यांचा क्रम न मोडता तो सलग ऐकावा. त्यानंतरच दुसरा. न आवडलेला अल्बम काही महिन्यांनी पुन्हा लावून पाहावा. मधल्या काळात अल्बम तोच राहिलेला असतो, ऐकणारा बदललेला असतो. विल्कोच्या बाबतीत 'मार्च १६–२०, १९९२', 'बीइंग देअर', 'यांकी होटेल फॉक्सट्रॉट' आणि 'क्रूएल कंट्री' एवढे चार अल्बम या क्रमाने ऐकले, तरी तीस वर्षांच्या प्रवासाची रूपरेषा ध्यानात येईल. त्यातील मोकळ्या जागा भरून काढाव्या असे ज्याला वाटू लागेल, त्याला चाहता कसा होतो हे निराळे सांगावे लागणार नाही.